रडवण्याचा अधिकार

हसवणे अवघड आणि रडवणे सोपे, हे वाक्य मी तरुणपणी हौशी नाटकवाल्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले की त्याच्या खरेपणाबद्दल शंका घ्यावी असे मला कधी वाटलेच नाही. तीस वर्षे शाळेत गाणे शिकवले; त्याआधी आणि त्यानंतरही गावोगावच्या नाटकांना पेटीची साथ केली. प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणणे ही एक कारागिरी आहे, सुताराने पाट रंधावा तशी, असेच माझे या साऱ्या काळात मत होते. रडवण्याची युक्ती मला ठाऊक होती. ते करण्याचा आपल्याला अधिकार आहे की नाही, हा प्रश्न मात्र मला सत्तरी उलटल्यावर पडला. आणि तोही मला आपण होऊन पडला नाही, सारसोळ्याच्या एका म्हाताऱ्या कोळणीने पाडला.

सारसोळे कुठे आले, असे पुण्या-नाशिकचा वाचक विचारील. नव्या मुंबईत, नेरुळच्या पश्चिमेला, ठाण्याच्या खाडीला धरून पाम बीच रस्ता नावाचा एक रुंद रस्ता गेला आहे. त्याच्या कडेला हे गाव आहे. गाव म्हणायचे ते जुन्या सवयीने. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि त्या वेळच्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर वसवण्याचे ठरले. जी गावे अशा रीतीने शहराच्या पोटात गेली, त्यांतलेच हे एक. गावठाणाच्या अरुंद गल्ल्यांना आता चहूबाजूंनी इमारतींनी वेढले आहे. पण रस्ता ओलांडून कांदळवनातून पुढे गेले की सारसोळ्याची जेट्टी लागते, आणि तिथे शहर एकाएकी संपते. होड्या गाळात कलंडून पडलेल्या असतात, ओहोटीच्या चिखलावर निवट्या टणाटण उड्या मारतात, हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. मी नेरुळला राहतो. संध्याकाळी पाय मोकळे करायला या जेट्टीपर्यंत जायचे, हा माझा अनेक वर्षांचा नेम आहे.

तिथेच त्या मुलाची ओळख झाली. वीस-बावीस वर्षांचा, गावातलाच, मोठा चुणचुणीत. त्याने आपल्या आजीवर एक लहानसा चित्रपट केला होता. चित्रण मित्राचे, संकलन स्वतःचे. आणि आता संगीतही स्वतःच करायचा त्याचा बेत होता. मी पेटी वाजवतो हे त्याला कुणीतरी सांगितले असावे.

"सर, मला इमोशनल म्युझिक करायला शिकवा ना," तो म्हणाला.

"म्हणजे कसले?"

"म्हणजे सिनेमात असतं तसं. ऐकलं की माणूस गलबलला पाहिजे."

माझ्याकडे शिकायला येणारी मुले पूर्वी यमन शिकवा, भूप शिकवा असे म्हणत. गलबलणे शिकवा असे म्हणणारा हा पहिलाच. मला हसू आले, आणि खरे सांगायचे तर मी सुखावलोही. म्हाताऱ्या माणसाला आपली विद्या कुणी मागितली की तो विद्येची परीक्षा करीत नाही, मागणाऱ्याचीही नाही. तो द्यायला बसतो. मीही बसलो.

त्याच्यापाशी एक लॅपटॉप होता आणि दोन सप्तकांचा एक चिमुकला कीबोर्ड. त्या लॅपटॉपमध्ये व्हायोलिने होती, चेलो होते, पियानो, बासरी, सनई, सारे काही होते. खऱ्या वादकांकडून एकेक स्वर वाजवून घेऊन तो ध्वनिमुद्रित करून ठेवलेला असतो आणि पट्टी दाबली की तो उमटतो. ज्या वाद्यवृंदासाठी एके काळी निर्मात्याला पन्नास माणसांची बिदागी मोजावी लागे, तो सबंध वाद्यवृंद या पोराच्या मांडीवर येऊन बसला होता! मला त्याचा हेवा वाटला.

पहिल्या दिवशी मी त्याला कोमल गांधार दाखवला. षड्ज, शुद्ध गांधार आणि पंचम एकदम दाबले की खोलीत ऊन पडल्यासारखे होते. त्यातला गांधार तेवढा अर्ध्या पायरीने खाली आणला की त्याच खोलीवर सावली येते. पाश्चात्त्य ज्याला मायनर म्हणतात त्याचे रहस्य बहुतांशी या एका पायरीत आहे. दुसऱ्या दिवशी लय सांगितली. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे जातात. मिनिटाला ६० मात्रांची लय धरली तर एका मात्रेत बरोबर २४ चित्रे बसतात आणि ७२ ची धरली तर २०. हे गणित पाठ असले की दृश्य जिथे बदलते तिथे आपली सम नेमकी आणता येते. शांत बसलेल्या माणसाची नाडी साधारण सत्तरच्या आसपास चालते. लय तिच्याहून किंचित खाली ठेवावी, म्हणजे सूर पावले ओढीत चालल्यासारखे वाटतात. तिसऱ्या दिवशी बांधणी. आरंभी एकच वाद्य, चारच स्वर आणि स्वरांच्या मध्ये श्वासाला जागा. मग खाली तानपुऱ्यासारखा एक लांब षड्ज. मग व्हायोलिने, एकावर एक चढत जाणारी. आणि ती अगदी टिपेला पोचली की एकदम सारे बंद करायचे. उरावा तो एकच स्वर, विझता विझता. तिथेच चित्रपट संपवायचा.

चौथ्या दिवशी त्याने विचारले, "पण सर, म्युझिक सुरू कुठे करायचं?"

मी म्हणालो, "आजीचा आवाज जिथे कापतो तिथे."

हे चौथे सांगितले नसते तर फार बरे झाले असते.

महिनाभराने त्याने मला घरी बोलावले. स्टुलावर लॅपटॉप मांडला होता. त्याची आई, काकी, शेजारच्या दोघी-तिघी आणि जमिनीवर पाय पसरून बसलेली आजी, असा प्रेक्षकवर्ग होता. चित्र सुरू झाले. आजी अंगणात बसून कोळंबी सोलते आहे आणि सोलता सोलता बोलते आहे. नवरा गेला त्या साली होडीचे कर्ज अंगावर होते. घरात दोन लहान पोरे. ती टोपली डोक्यावर घेऊन बाजारात बसू लागली. बोई, चिंबोऱ्या, कोलीम, जे खाडी देईल ते, वाटे लावून विकायचे. उधाणाच्या दिवसांत किती मिळे, भांगाच्या दिवसांत किती, सावकाराला किती गेले. "त्या साली मी त्याला दिले..." असे म्हणून तिचा आवाज अडकतो. हात थांबतात. आणि नेमक्या त्या जागी कोमल गांधार येतो, खालून षड्ज उठतो, व्हायोलिने चढू लागतात. मुलाने काम झकास केले होते! काकींनी पदर डोळ्यांना लावला, शेजारणी मुसमुसू लागल्या, माझ्याही डोळ्यांत पाणी आले. मी अश्रू ढाळीत होतो आणि त्याच वेळी मनात स्वतःची पाठ थोपटीत होतो. ही दोन्ही कामे एका वेळी करता येतात, हे वाचकांतले कुणी कलावंत असतील ते कबूल करतील.

शेवटचा स्वर विझला. आजी मात्र कोरड्या डोळ्यांनी पडद्याकडे पाहत होती.

"ह्ये मधी काय वाजतंय?" तिने विचारले.

"म्युझिक आहे, आजी."

"मी रडले का तिथं?"

"रडली नाहीस, पण तुझा आवाज..."

"अरे बाला, मना आकडा आठवत नव्हता! मी हिशोब सांगत व्हते." मग जरा थांबून ती म्हणाली, "आणि होडी सुटली, ते कुठं गेलं?"

मुलगा खाली मान घालून बसला. हळूहळू उलगडा झाला तो असा. सहा वर्षांनी सारे कर्ज फेडून तिने होडी सोडवली आणि तिला नवा रंग देऊन खाडीत लोटली, ही हकिकत आजीने कॅमेऱ्यापुढे चांगली दीड मिनिट सांगितली होती, आणि सांगताना ती हसली होती. पण सुरांचा चढ त्याआधीच पुरा होत होता. विझत्या स्वरानंतर हसू शोभेना. म्हणून मुलाने ते दीड मिनिट कापून टाकले. चित्रपट कुठे संपवायचा हे त्याला कुणी शिकवले होते, ते वर आलेच आहे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आम्ही आजीचे काय नेले होते? पैसा नाही, अडका नाही. तिच्या आयुष्यातली सर्वांत मानाची गोष्ट आम्ही काढून घेतली होती आणि तिच्या जागी दया ठेवली होती. बरे, ती दया तरी तिने मागितली होती काय? भरतमुनींनी नाट्यशास्त्रात कोणत्या रसाला कोणते स्वर हे वाटून दिले आहे. शृंगार आणि हास्याला मध्यम-पंचम; वीर, रौद्र आणि अद्भुत यांना षड्ज-ऋषभ; करुणाला गांधार-निषाद; बीभत्स आणि भयानकाला धैवत. हे वाटप मी शाळेत वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून दिले आहे. आणि एवढे करून, समोर वीररस पदर खोचून बसला असता मी त्याला गांधाराचे पांढरे लुगडे नेसवले! विधवा म्हटली की करुण, ही आमच्या मनातली तयार पट्टी. ती दाबली की तयार स्वर उमटतो. त्या लॅपटॉपमधल्या व्हायोलिनांत आणि आमच्या मनात फारसा फरक उरला नव्हता.

वास्तविक कोमल गांधार बिचारा निरपराध आहे. काफीतही कोमल गांधारच असतो, आणि काफीत आपण होळीच्या रंगाची गाणी गातो. स्वर दुःखी नसतात. त्यांना दुःखाच्या कामाला लावणारे आपण.

मग मला एक जुनी गोष्ट आठवली. बरीच वर्षे मी ती विसरून होतो, म्हणजे विसरायची सोय करून ठेवली होती. एका हौशी मंडळाच्या नाटकात मुलीची पाठवणी करून बाप रिकाम्या ओसरीवर परत येतो, असा प्रवेश होता. नट तिथे काही न बोलता नुसता उभा राहत असे. पहिल्या प्रयोगाला मला ती शांतता सोसवेना. मी पेटीवर जोगियाची एक आर्त लकेर सोडली. नाट्यगृह हुंदक्यांनी भरून गेले आणि पडदा पडल्यावर लोकांनी माझे हात हातात घेतले. तो नट तेवढा रंग पुसता पुसता म्हणाला, "पेटीवाले, ते थांबणं माझं होतं. तुम्ही ते खाल्लंत." तेव्हा मला तो मत्सर वाटला. आज, चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी, त्या वाक्याचा अर्थ सारसोळ्यात कळला.

कुणी म्हणेल, मग भावना जागवणारे संगीत करूच नये की काय? असे म्हणणारा एक मोठा माणूस होऊन गेला. प्लेटोने आपल्या आदर्श नगरातून शोकाच्या स्वरावली हद्दपार केल्या होत्या. त्या ऐकून माणूस मऊ पडतो, अशी त्याला भीती. मला काही ते पटत नाही. आमच्या विदर्भाच्या मातीतला भवभूती करुणालाच मूळ रस मानून बसला आणि त्याच्या 'उत्तररामचरिता'ने बाराशेहून अधिक वर्षे लोकांना रडवले. त्या रडण्याने कुणाचे वाईट झाल्याचे ऐकिवात नाही. आपले दुःख एकट्याचे नाही, ते साऱ्यांचे आहे, हे कळले की त्याची धार बोथट होते. आपल्या शास्त्रकारांनी त्याला साधारणीकरण असे भारदस्त नाव दिले आहे. घरातल्या बायकांना ते नावावाचूनही माहीत असते.

आणि पेशाने रडवणारी माणसे तर याच खाडीकाठी आहेत. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण असते. ती लग्नाचे विधी आपल्या गाण्यांनी पार पाडते. त्या गाण्यांना धवळे म्हणतात. शब्द फार जुना आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने रुक्मिणीस्वयंवरावर धवळे रचले, त्यांना मराठीतल्या आद्य कवयित्रीची रचना म्हणून आपण मान देतो. मी सारसोळ्याच्या एका लग्नात धवलारणीला पाहिले आहे. मुलीच्या हळदीला ती गायला बसली. तिला मान होता, साडी-चोळी होती; म्हणजे हा व्यवहारच होता. कुठे थांबायचे आणि कुठे आवाज लांबवायचा हे तिला माझ्याहून चांगले कळत होते. मुलीची आई रडली, मावशी रडली, उभी असलेली बाप्येमंडळी दुसरीकडे पाहू लागली. यात फसवणूक आहे असे कुणी म्हणेल काय?

मग धवलारणीत आणि माझ्यात फरक कोणता? मी बरेच दिवस यावर विचार केला. तो मला असा दिसला. धवलारीण गाते ती त्या आईच्या समोर बसून. जिचे दुःख तिच्या तोंडावर ती गाते. सूर चुकला, शब्द खोटा पडला तर ती आई मान हलवील, तिथल्या तिथे. आम्ही मात्र आजीच्या पाठीमागे गायलो. तिचे ऐकण्याआधी गायलो. धवलारणीच्या गाण्याने त्या आईला स्वतःचे रडू सापडले. आमच्या गाण्याने शेजारणींना रडू सापडले आणि आजीचे मात्र हसू हरवले.

ज्यांनी हे काम मोठेपणाने केले, त्यांच्याकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे किती गोष्टी नव्याने दिसतात! १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला तेव्हा चित्र मुके होते. मूकपटांच्या त्या काळात पडद्याजवळ बसून तबला-पेटीवाले साथ करीत. १९३२ साली 'अयोध्येचा राजा'ने मराठी चित्राला वाचा दिली. त्याचे संगीत गोविंदराव टेंब्यांचे. वाचा आली, आणि तिच्याबरोबर सुरांची चैन आली. अशा वेळी, अवघ्या पाच वर्षांनी, १९३७ साली, 'प्रभात'च्या शांतारामबापूंनी 'कुंकू' काढला आणि त्यात पार्श्वसंगीत ठेवलेच नाही. केशवराव भोळ्यांसारखा संगीतकार हाताशी असताना ठेवले नाही! म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेल्या नीराच्या दुःखाला साथ कुणाची, तर घरातल्या आवाजांची, भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीची. कुणाची कीव करायची, कुणाचा राग धरायचा, हे प्रेक्षकाने आपले आपण ठरवायचे होते. नीरा लढणारी होती. तिच्यामागे व्हायोलिने रडत असती तर तिचे लढणे आपल्याला ऐकूच आले नसते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण बंगालचे. १९५५ सालच्या 'पथेर पांचाली'त सत्यजित राय आणि रविशंकर यांनी एका जागी काय केले ते पाहा. बाप परगावाहून परत येतो. मुलीसाठी आणलेली साडी आईच्या हातात देतो. मुलगी गेल्याचे त्याला माहीत नाही. आईचा बांध फुटतो. तिचे तोंड उघडलेले दिसते, पण तिचा टाहो ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाईचा उंच सूर फुटतो. इसराजाला कर्णा जोडून केलेले हे वाद्य. गजाने वाजते आणि माणसाच्या किंकाळीच्या जवळ जाते. इथे संगीताने आईच्या रडण्यावर भर घातलेली नाही. रडणे तिचेच आहे. कोणत्याही गळ्यात मावणार नाही एवढे ते मोठे आहे, म्हणून सुराने ते उचलून धरले आहे, एवढेच. एकाने सूर वर्ज्य केला, दुसऱ्याने रडण्याच्या जागी सूरच ठेवला. आणि दोघेही खरे. कारण दोघांनीही आधी त्या बाईचे म्हणणे काय आहे ते ऐकले.

आमच्या शाळेत एकदा 'श्यामची आई' दाखवला होता. आचार्य अत्र्यांचा हा १९५३ सालचा चित्रपट, संगीत वसंत देसायांचे. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवणारा. सबंध दिवाणखाना रडत होता, मास्तरांसकट. त्या अश्रूंची मला आज लाज वाटत नाही. घरी गेल्यावर आम्ही पोरे दोन दिवस तरी आईचे ऐकत होतो! अश्रू खरे की खोटे, हे ते गळताना कळत नाही. ते वाळल्यावर माणूस काय करतो यावरून कळते. आजीवरचा आमचा चित्रपट पाहून शेजारणी रडल्या आणि पदर झटकून घरी गेल्या. आजीकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. ती तिथेच बसली होती.

मी मुलाकडे गेलो आणि म्हणालो, "चूक माझी आहे. मी तुला सूर आधी शिकवला आणि ऐकणं शिकवायचं विसरलो. आता आपण उलटीकडून सुरुवात करू."

या वेळी आम्ही आठ दिवस एकही पट्टी दाबली नाही. कापलेले दीड मिनिट आधी परत जोडले. मग सबंध चित्र नुसते ऐकले. कान लावून ऐकता किती ऐकू येते! कोळंबी सोलताना टवळ्यात पडणाऱ्या सालींचा आवाज. दूर रस्त्यावरच्या गाड्या. आजीच्या बांगड्या. आकडा आठवताना ती जिभेने टाळ्यावर करते तो बारीकसा 'च्'. तिच्या बोलण्याला स्वतःची एक लय होती. ती आकडे दोन दोनदा म्हणते, दुसऱ्यांदा जरा खालच्या सुरात. मुलगा एकदा म्हणाला, "सर, ही तर गातेच आहे." मी म्हणालो, "मग तू कशाला गातोस?"

शेवटी संगीत उरले ते फार थोडे. ती बोलते तिथे काही नाही. होडी खाडीत लोटल्याचे सांगून ती हसते, आणि त्यानंतर नुसती खाडी दिसते, भरतीची. तिथे पेटीचा षड्ज, मग ऋषभ, आणि आजी आकडे म्हणते त्या चालीचे चार-सहा स्वर. अर्धे मिनिटही नाही. पेटी मीच वाजवली. हात कापला, पण पुन्हा वाजवू नका असे मुलानेच सांगितले.

नारळी पौर्णिमेच्या संध्याकाळी गल्लीत पांढरी चादर बांधून चित्र दाखवले. दर्याला नारळ वाहून लोक परतले होते. पोरांचा गलका चालला होता. या खेपेला कुणी मुसमुसले नाही. बायका ऐकत होत्या, मधेच एकीने दुसरीला, "तवा वाटा काय भावानं जायचा गं?" असे विचारले आणि दोघींत तिथल्या तिथे थोडा वादही झाला. आणि "त्या साली मी त्याला दिले..." हे वाक्य आले. आवाज अडकला. मागे कुठलाही सूर नव्हता. त्या शांततेत, चादरीसमोर बसलेली आजी एकदम मोठ्याने म्हणाली, "बाराशे! बाराशे दिले. आता आठवलं."

गल्ली हसली. आजीही हसली. रडवण्याची चाळीस वर्षांची माझी सारी कारागिरी त्या एका आकड्यापुढे मला फिकी वाटली.

हे सारे मी फराळाच्या ताटाशी का मांडावे? एवढ्याचसाठी की हा प्रश्न आता फक्त संगीतकारांचा राहिलेला नाही. या दिवाळीत तुमच्या घरी मुले-नातवंडे जमतील. कुणी आजोबांना दिवा लावताना टिपील, कुणी चकल्या तळणाऱ्या आजीला. आणि हातातल्या फोनवरच तयार सूर मिळतात, ते बोट लावताच त्या चित्राखाली वाजू लागतील. त्यांतले बरेच कोमल गांधाराचे असतात, हे मी ऐकून सांगतो. जरूर लावा. सण आहे, हौस आहे. पण लावण्याआधी एकदा त्या आजीशेजारी जाऊन बसा, आणि ती त्या वेळी काय म्हणत होती ते तिला विचारा. कदाचित ती रडतच असेल. कदाचित तळणीचा हिशेब करीत असेल, आणि तिचा आकडा अडला असेल. तो आठवेपर्यंत थांबावे. सूर कुठे पळून जात नाहीत.